एमजीबीचे ब्रेक: थांबण्याचं अंतर निम्मं होतं, हे खरं नाही

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या वेडापायी जमलेल्या आमच्या मंडळींत सध्या एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. थोडक्यात तो असा: एमजीबी या अशाच एका गाडीचे मूळ ब्रेक रेससाठी कुचकामी आहेत; पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे चिमटे) बसवा, मागचे ड्रम (आतून घासणारे गोल डबे) काढून डिस्क लावा, डिस्क भोकं पाडलेल्याच घ्या, आत सिलिकॉनचं ब्रेक ऑइल भरा, म्हणजे थांबण्याचं अंतर निम्म्यावर येईल. इंग्लंडमध्ये एका मित्राच्या १९६५ सालच्या एमजीबीवर मी गेली काही वर्षं सुटीच्या दिवशी हात काळे करतोय. या मजकुरातलं जवळजवळ काहीच टिकत नाही, आणि त्यातले दोन सल्ले तर जिवावर बेतणारे आहेत.

आधी अंतराचं बघू. ब्रेक चाकाला धरतात. गाडी थांबते ती टायर आणि ट्रॅक यांच्यातल्या पकडीमुळे. नीट राखलेले मूळ ब्रेकसुद्धा एमजीबीची चाकं जाम करू शकतात. चाक जाम व्हायच्या बेताला आलं की टायरकडे द्यायला आणखी काही उरत नाही. दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वेग उतरतो असं धरलं, तर ताशी १६० किलोमीटरवरून पूर्ण थांबायला साधारण १०० मीटर लागतात. हेच ५० मीटरवर आणायचं तर टायरची पकड दुप्पट हवी. कॅलिपर बदलल्याने ती कशी वाढणार?

चार पिस्टन म्हणजे दुप्पट जोर, हाही असाच गैरसमज. जोर ठरतो तो कॅलिपरच्या एका बाजूच्या पिस्टनच्या एकूण क्षेत्रफळावर. मूळ कॅलिपरमध्ये समोरासमोर दोन मोठे पिस्टन आहेत. चार लहान पिस्टनचं क्षेत्रफळ तेवढंच भरलं तर जोरही तेवढाच. क्षेत्रफळ वाढवलंत तर मूळ मास्टर सिलिंडरला जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि पेडल खोल जातं. मोठ्या पॅडचा आणि जाड डिस्कचा फायदा आहे, तो उष्णतेच्या बाबतीत. कारखान्याने १९७३ साली साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाची एमजीबी जीटी आणली, तेव्हा पुढे जाड डिस्क आणि वेगळे कॅलिपर दिलेच की. पण मागे? ड्रमच ठेवले.

का ठेवले, हे समजून घ्यायला हवं. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. एमजीबीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर जेमतेम २.३१ मीटर. अशा वेळी मागची चाकं इतकी हलकी होतात की त्यांच्या वाट्याला फार थोडं काम उरतं, आणि ते ड्रम सहज करतात. मागे जोरकस डिस्क बसवली आणि पुढचा-मागचा तोल नव्याने जुळवला नाही, तर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. नीट बसवलेले लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) आणि वेळच्या वेळी केलेलं ॲडजस्टमेंट, एवढं मागे पुरे.

भोकांच्या डिस्कबद्दल फार लिहीत नाही. तापून-निवून भोकांच्या कडांनाच तडे जातात. हव्या असतील तर खाचांच्या घ्या.

सिलिकॉनचं ऑइल, म्हणजे डॉट ५ या प्रतीचं, मात्र रेसमध्ये नकोच. तापल्यावर ते जास्त दाबलं जातं, पेडल स्पंजासारखं लागतं, आणि त्यातली हवा काढता काढता पुरेवाट होते. ते पाणी शोषत नाही, हा गुण म्हणून सांगतात. पण आत शिरलेलं पाणी मग तसंच कॅलिपरच्या तळाशी बसतं आणि साध्या पाण्यासारखं उकळतं. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल थेट तळाला जातं. डॉट ५.१ हे नाव सारखं वाटलं तरी ते सिलिकॉनचं नाही. सिलिकॉन नसलेलं नेहमीचं डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत न उकळता टिकलं पाहिजे, असं मानक आहे. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. म्हणून रेसचं चांगलं ऑइल घ्या आणि सीलबंद डब्यातलंच भरा. आम्ही प्रत्येक रेसआधी बदलतो. ब्लीड करताना, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढताना, पारदर्शक नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल येताना एकदा पाहिलं की जुनं तसंच ठेवायचा धीर होत नाही.

खरी लढाई उष्णतेशी आहे. चालकासह १००० किलोची गाडी १६० वरून ८० वर आणताना सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. सव्वादोन लिटर गार पाणी उकळीला आणायला साधारण इतकीच लागते, आणि इथे ती सव्वादोन सेकंदांत ओतली जाते, प्रत्येक मोठ्या वळणाआधी. साध्या रस्त्याचे पॅड इथेच हात टेकतात. म्हणून पहिला खर्च रेसच्या पॅडवर, दुसरा हवेच्या नळ्यांवर. मूळ डिस्क भरीव असल्याने हवा दोन्ही बाजूंना मिळायला हवी. एकाच बाजूला दिली तर डिस्क वाकते. डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारा रंग लावा. हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. अंदाजावर पैसे घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

शिवाय नियम आहेतच. एफआयए या मोटर रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिशिष्ट के प्रमाणे चालणाऱ्या ऐतिहासिक रेसमध्ये त्या काळच्या नोंदीत नसलेला आधुनिक कॅलिपर दिसला, तर तपासणीतच गाडी अडते.

आता मित्राच्या गाडीचं सांगतो. वेगातल्या उजव्या वळणानंतर पहिल्या दाबाला पेडल खोल जायचं, दुसऱ्याला घट्ट लागायचं. सगळे म्हणाले, कॅलिपर कमजोर आहेत, चार पिस्टनचे घ्या. गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं, तर टक् टक्. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडला. दोन बेअरिंगमध्ये एक पोकळ नळी असते आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. त्यांनीच बेअरिंगची ढिलाई ०.००२ ते ०.००४ इंचांत बसवायची असते आणि स्टब ॲक्सलला (हब ज्यावर फिरतो त्या आखूड दांड्याला) ताठपणाही नळीमुळेच येतो. पूर्वी कोणा गॅरेजवाल्याने ती नळी फेकून नुसता नट आवळला होता. वळणात हब तिरका व्हायचा, डिस्क पिस्टनना मागे ढकलायची, आणि पहिला दाब ते अंतर भरून काढण्यातच जायचा. नळी आणि शिम घालून डायल गेजवर ०.००३ आणलं. दुपारच्या सत्रात पेडल पहिल्याच दाबाला जागेवर होतं. कॅलिपर अजून तेच, दोन पिस्टनचे आहेत.