साप उचलायचं वचन

मास्तर बायबल वाचून राहिले, हीच आधी गावात बातमी. रिटायर झाल्यापासून हाती पडेल ते वाचायचं आणि संध्याकाळी गजूच्या पानठेल्यावर त्याचा हिशेब मांडायचा, हा त्यांचा शिरस्ता. परवा त्यांनी शामूभाऊचंच बायबल आणलं आणि येशूचं चरित्र सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायावर बोट ठेवलं.

"शामूभाऊ, इथं लिहेल आहे का विश्वास ठेवणारे साप उचलतील, जहर पेले तरी काही होणार नाही. अन् खाली टीप, का जुन्या हस्तलिखितांत हा मजकूरच नाही. मंग हे कोनं घुसवलं?"

"घुसवलं म्हना, जोडलं म्हना," शामूभाऊ म्हणाला. "चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या प्रती आहेत, सायनायटिकस अन् व्हॅटिकनस. दोन्हीत मार्क आठव्या वचनावर थांबते. बाया येशूच्या रिकाम्या कबरीपासून भिऊन पळाल्या, बस. पुढचं बहुतेक नंतरच्या हाताचं. पण मास्तर, हे टीप कोन्या दुश्मनानं नाही टाकली. आमच्याच लोकाइनं छापली."

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे वचन पुस्तकात गप बसत नाही. कपाशीत घोणस निघते, आणि २०१७ साली फवारणीचं विष अंगात जाऊन इथले शेतकरी-मजूर दगावले. अमेरिकेत काही मंडळ्या हेच वचन शब्दशः घेऊन प्रार्थनेत जिवंत साप हाताळतात. त्यात माणसं मेली आहेत. मी हे सांगितलं तर गजू खर्रा घोटता घोटता एवढंच बोलला, "मंग टीप मोठ्या अक्षरात छापा ना बाप्पा."

बंटीला मात्र टीपच पटेना. तो अलीकडे तालुक्याच्या नव्या प्रार्थनाघरात जातो. "काका, देवाचा शब्द म्हनजे देवाचा शब्द. त्यात चूक निघूच शकत नाही."

शामूभाऊला असल्या वादाची घरूनच सवय. युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पास्टर घडवणारं विद्यालय, १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी यवतमाळलाच होती, आणि त्याचे वडील तिथं कामाला होते. तो म्हणाला, "बाबू, तू म्हनतं तसा जाहीरनामा हाय. १९७८ चा, शिकागोतला, ख्रिस्ती विद्वानाइचा. बायबल बिनचूक. पण त्यातच लिहेल आहे का हे नेमकं मूळ लिखाणाले लागू. नक्कल मुळाशी जुळन तितकीच."

"अन् मूळ कोठी आहे?" मास्तर.

"एकही उरलं नाही."

"म्हनजे जे कोनाजवळच नाही, तेच बिनचूक! वा रे वा!"

सगळे हसले. मीही हसलो, पण हा टोला जरा स्वस्तातला होता. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाची, ग्रीक हस्तलिखितं, तुकडे धरून, पाच हजारांवर आहेत. ती शेजारी-शेजारी ठेवता येतात म्हणूनच तर मार्कची शेपटी पकडली गेली. एकच प्रत उरली असती तर टीप कोणी लिहिली असती?

मग देवानं सांगितलं आणि माणसानं नुसतं उतरवलं, की माणसानं आपल्या अकलेनं लिहिलं, यावर गाडी आली. शामूभाऊनं बायबलातलं दुसरं तीमथ्य उघडलं, प्रेषित पौलाच्या नावाचं पत्र. सगळं शास्त्र देवाच्या प्रेरणेचं, हे ज्या पत्रात आहे, त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात पौल म्हणतो, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, हिवाळ्याच्या आत ये.

"आता देवाले काय थंडी वाजते का? म्हाताऱ्याले वाजते. दुसरं शुभवर्तमान लिहिणारा लूक तर सुरुवातीलेच सांगते, का म्या सगळं नीट तपासून लिहिलं. तपास माणूस करते. १९६५ मध्ये कॅथलिकांच्या व्हॅटिकन परिषदेनं म्हटलं, का आपल्या तारणासाठी देवाले जे सत्य नोंदवायचं होतं, ते शास्त्र बिनचूक शिकवते. अन् लिहिणारे खरेखुरे लेखक होते. कॅथलिकांचं हे मले पटते. आमच्या पास्टरले सांगू नका."

"ते पत्र पौलाचंच आहे का, यावरही विद्वानांचं भांडण आहे," मास्तरांनी पुस्ती जोडली. बरोबर आहे ते.

इतका वेळ गप असलेले दादाराव महानुभाव पंथाचे. ते म्हणाले, "रिद्धपूरले म्हाइंभटानं काय केलं? चक्रधर स्वामींले ज्याइनं पाह्यलं त्याइले इचारून इचारून लीळा गोळा केल्या. पुढं धामधुमीत पोथी गेली, तं आठवून पुन्हा लिहिली. पाठ येगयेगळे झाले. म्हनून काय आमी लीळा सोडल्या?"

"सोडा कोन म्हनते? खरं कशावरून, ते इचारून रायलो," मास्तर म्हणाले.

शामूभाऊनं शेवटचा पत्ता टाकला. १९४७ च्या सुमाराला मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत बायबलातल्या यशया या पुस्तकाची गुंडाळी सापडली. सात मीटरहून लांब, आणि आधी माहीत असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी. स्पेलिंगचे आणि बारीकसारीक फरक पुष्कळ, पण पुस्तक तेच.

"नक्कल बरोबर, मान्य," मास्तर म्हणाले. "पण सातबारा शंभरदा बरोबर उतरवला, अन् तलाठ्यानं पहिल्याच दिवशी नाव चुकवलं असन तं?"

शामूभाऊ लगेच म्हणाला, "बरोबर. नकलेचा पुरावा नकलेपुरताच." मला त्याचं हेच आवडतं. मजकूर जसाच्या तसा पोचला की नाही, हा एक प्रश्न. तो खरा की नाही, हा दुसरा. देवाचा की नाही, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर हाताशी धरून तिसऱ्यावर उडी मारणारे मी दोन्ही बाजूंना पाहिलेत.

मास्तर आता रंगात आले होते. "येशूले धरून देणारा यहूदा मत्तयात फाशी घेते. प्रेषितांच्या कृत्यांत तो पडून पोट फुटून मरते. कोनतं धरू?"

"दोर तुटला असन, मंग पडला," बंटी म्हणाला.

"म्या नाही जोडत बाबू," शामूभाऊ म्हणाला. "दोघाइनं आपापलं ऐकलं ते लिहिलं. माह्या विश्वास येशूवर आहे, दोरावर नाही."

बंटी चिडला. गाडीला किक मारत म्हणाला, "रविवारी आमच्या पास्टरलेच घेऊन येतो."

"आण ना," मास्तर म्हणाले, "पण दोर कोन्या वचनात तुटते, तेवढं शोधून आणजो म्हना."