सोलर किटच्या मॅन्युअलमध्ये “योग्य जाडीची वायर वापरा” म्हणजे नेमकी किती, ते लिहायला काय होतं?

डोकं फिरलंय माझं. सलग तीन विकेंड कँपरव्हॅनच्या मागच्या बाकाखाली आडवी पडून, तोंडात टॉर्च धरून वायरी ओढतेय आणि तरी रात्री दोन-अडीचला फ्रिज बंद पडतो म्हणजे पडतोच. छतावर सोलर पॅनल आहे, बाकाखाली लीझर बॅटरी (गाडी सुरू करायची नव्हे, आतली उपकरणं चालवायची) आहे, मध्ये पॅनलकडून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर आहे, त्याचा हिरवा दिवा लागलेला, बॅटरीत अजून निम्म्याहून जास्त चार्ज आहे असं तोच दाखवतोय, आणि फ्रिज म्हणतो व्होल्टेज कमी. सकाळी उठून बघावं तर आतलं सगळं कोमट.

किटच्या खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलंय, सगळं आत आहे, फक्त जोडा आणि वापरा. सगळं म्हणजे काय तर पॅनल, कंट्रोलर, वायरीचे दोन तुकडे आणि चार ब्रॅकेट. फ्यूज नाही, फ्यूज होल्डर नाही, बॅटरीच्या टर्मिनलला लावायचे लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) नाहीत, छताला भोक पाडल्यावर पाणी आत येऊ नये म्हणून वायरीभोवती ग्लँड, म्हणजे घट्ट बूच, लागतं तेही नाही. मॅन्युअल म्हणजे घडी घातलेला एक कागद, त्यातली आकृती पोस्टाच्या तिकिटाएवढी, आणि जिथे जिथे खरंच काहीतरी सांगायची गरज आहे नेमका तिथे एकच शब्द, “योग्य”. योग्य जाडीची वायर वापरा. योग्य क्षमतेचा फ्यूज लावा. योग्य बॅटरी प्रकार निवडा. अरे पण योग्य म्हणजे किती?? तेच बघायला तर मी मॅन्युअल उघडलं ना!

बरं, जोडायचा क्रम. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची आणि मग पॅनल, काढताना उलटं, आधी पॅनल. कारण सिस्टिम 12 व्होल्टची आहे का 24 ची हे बरेच कंट्रोलर बॅटरीवरूनच ओळखतात आणि बॅटरी नसताना पॅनल लावलं तर कंट्रोलर खराब होऊ शकतो. इतकी महत्त्वाची गोष्ट छापलीय कुठे, तर शेवटच्या पानावर वॉरंटीच्या नियमांखाली, बारीक अक्षरात. मी पॅनलच आधी लावलं होतं. कंट्रोलर वाचला हे नशीब.

आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत लागतो, कारण फ्यूजच्या आधीच वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूजला ते कळणारच नाही. “12 व्होल्ट तर आहे, शॉक थोडीच लागतो” असं मला किमान चार जणांनी सांगितलं. शॉक नाही लागत हो, पण शॉर्ट झालेल्या बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतात आणि वायर लाल होते, आणि ती वायर लाकडी फळीच्या मागून माझ्या अंथरुणाखालून गेलेली आहे. हे कोणालाच सांगावंसं वाटत नाही?

आता त्या फ्रिजचं. 60 वॉटची वस्तू 230 व्होल्टवर पाव अँपिअरच्या आसपास घेते, तीच 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेते. घरात वायरीत एक व्होल्ट हरवला तर कुणाला पत्ता लागत नाही, व्हॅनमध्ये तोच एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के गेले. सगळा खेळ हा एवढाच आहे आणि हाच सगळे गिळून बसतात. बॅटरी ते फ्रिज 5 मीटर, म्हणजे प्लस-मायनस धरून 10 मीटर वायर. मी हिशोब करून 2.5 स्क्वेअर एमएम जाडीची वायर घेतली, तांब्याची असेल तर 5 अँपिअरला वाटेत 0.4 व्होल्टसुद्धा कमी व्हायला नको. म्हणून बॅटरीवर संशय घेतला, कंट्रोलरवर घेतला, फ्रिजवर घेतला, कंट्रोलरची सेटिंग दहा वेळा बघितली की बॅटरीचा प्रकार एजीएमच (शिशाच्या बॅटरीचा एक प्रकार, माझी तीच) आहे ना, चुकून लिथियमवर तर नाही.

शेवटी परवा रात्री अलार्म लावून उठले आणि मल्टिमीटर घेऊन बसले. बॅटरीवर 12.3 व्होल्ट. फ्रिजच्या सॉकेटवर 11.3. आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या क्षणी सॉकेटवरचा आकडा आणखी खाली जायचा, फ्रिजला वाटायचं बॅटरी संपली, तो आपला बंद. एक अख्खा व्होल्ट वाटेत गायब! पॅनलचा दोष नाही, बॅटरीचा नाही, फ्रिजचा तर मुळीच नाही.

मग वायरीचं टोक कापलं आणि ब्लेडने एक बारीक तार खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. अॅल्युमिनियम! वरून तांब्याचा नुसता मुलामा. रोलवर कुठेही तसं लिहिलेलं नाही. शिवाय प्लास्टिकचं आवरण एवढं जाड की बाहेरून वायर गलेलठ्ठ दिसते आणि आत तारा मोजक्या. अॅल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम 60 टक्के वीज वाहून नेतं, त्यात जाडीही कमी, वर ते गाडीतल्या सिगरेट-लायटरसारखं फ्रिजचं सॉकेट जे जरा हललं की सैल होतं आणि हात लावला तर गरम लागतं. मी विकत घेताना दुकानदाराला विचारलं होतं, तांब्याची आहे ना? हो म्हणाला. तोंडावर हो म्हणाला!

हीच तऱ्हा पॅनलची. 100 वॉट लिहिलंय ते प्रयोगशाळेतलं, पॅनलमधल्या सौर पेशी 25 अंशावर असताना, तापल्या की वीज कमी. छतावर सपाट टाकलेलं पॅनल दुपारी कुठे 25 अंशावर राहतं? आणि किटमधला कंट्रोलर पीडब्ल्यूएम नावाच्या स्वस्तातल्या प्रकारचा, तो 18 व्होल्टच्या पॅनलला ओढून बॅटरीच्या 13 वर आणतो, म्हणजे पाव भाग तिथेच गेला. छतावरच्या फॅनची सावली एका कोपऱ्यावर पडली की उरलेल्यातलंही बरंच जातं. एवढं करून जाहिरातीत काय, तर इन्व्हर्टर लावा आणि घरासारखं काहीही चालवा. 1500 वॉटची किटली 12 व्होल्टवर सव्वाशे अँपिअरच्या वर मागते, तिला अंगठ्याएवढी वायर लागते, आणि लोक बिचारे तो इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलला (छोटी उपकरणं जोडायच्या जागेला) जोडतात जे बहुतेक वेळा 10-20 अँपिअरचं असतं. जळलं की परत सांगायला मोकळे, तुम्ही “योग्य” वापर केला नाही.

आज सगळं उपसलं. 6 स्क्वेअर एमएमची खरी तांब्याची वायर, ती आधी खरवडून बघितली मग घेतली, लग पक्कडीने न चेपता क्रिंपिंग टूलने दाबले, ओढून बघितले, लायटरचं सॉकेट काढून फेकलं, बॅटरीपाशी 15 अँपिअरचा फ्यूज. आत्ता फ्रिज चालू आहे, बॅटरीवर 12.5, फ्रिजपाशी 12.3. तीन आठवडे, फक्त वायरीपायी.

जुन्या वायरीचं भेंडोळं दाराशी ठेवलंय, ब्लेडसकट. उद्या दुकान उघडलं की काउंटरवर टाकून त्याच्यासमोरच खरवडणार आहे.