मार्व्हिट्सचा कारखाना दहा वर्षांतच का संपला?

१९३४ साली बर्लिनच्या वायव्येला, मार्व्हिट्स नावाच्या खेड्यातला चिनी मातीच्या भांड्यांचा एक कारखाना ४५,००० राइशमार्कला विकला गेला. विकणारी मार्गारेटे हायमान ज्यू होती, घेणारी हेडविग बोलहागेन ज्यू नव्हती. दोघीही मातीची भांडी घडवणाऱ्या. जर्मन सिरॅमिक्सबद्दल काही वाचायला घेतलं की हा व्यवहार एका ओळीत उरकलेला दिसतो. ‘मार्गारेटेचा कारखाना अल्पजीवी ठरला, मग बोलहागेन यांनी तो नावारूपाला आणला.’ मला हे वाचून चीड येते. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मार्गारेटेचा जन्म १८९९चा, कोलोनचा. १९२० मध्ये ती बाउहाउस या जर्मनीतल्या कला आणि डिझाइनच्या शाळेत शिकायला गेली. तिथे मुलींना विणकामाकडे वळवायचा शिरस्ता होता. हिला मातीकामच करायचं होतं. बाउहाउसच्या डोर्नबुर्ग इथल्या मातीकामाच्या कार्यशाळेत तिला प्रायोगिक तत्त्वावर घेतलं खरं, पण हुशार आहे, कार्यशाळेच्या कामाची नाही, असं ठरवून कायमचा प्रवेश नाकारला. १९२१ मध्ये ती तिथून बाहेर पडली. पुढे बाउहाउसच्या नावाने जी मातीची भांडी जगभर गाजली, त्यांच्या तोडीचं काम या नाकारलेल्या मुलीने खेड्यात बसून केलं, असं माझं ठाम मत आहे.

१९२३ मध्ये नवरा गुस्टाव ल्योबेनश्टाइन आणि दीर डानिएल यांच्यासोबत तिने मार्व्हिट्सला कारखाना काढला. शेजारचं व्हेल्टन हे शेगड्यांच्या टाइल्ससाठी प्रसिद्ध गाव, त्यामुळे माती आणि भट्टी यांची जाण असलेले हात त्या भागात मिळायचे. हायमान आणि ल्योबेनश्टाइन यांच्या आद्याक्षरांवरून नाव ठेवलं ‘हाएल’. पाचेक वर्षांत माल इंग्लंड-अमेरिकेत जाऊ लागला. भरभराटीच्या काळात कामगार होते सुमारे १२०.

तिचा एक टी-सेट जरूर शोधून बघा. कपाला आपण ज्याला कान म्हणतो, बोट अडकवायचा वाकवलेला कान, तो नाहीच. त्या जागी सपाट, गोल चकत्या. किटलीलाही त्याच. वर एकाच रंगाची तुकतुकीत झिलई, फुलं-वेलबुट्टी काही नाही. शंभर वर्षं होत आली, तरी आजच्या दुकानात ठेवला तर नवा वाटेल.

ऑगस्ट १९२८ मध्ये लायप्झिगच्या व्यापारी जत्रेला जाताना मोटार अपघातात नवरा आणि दीर दोघेही गेले. पदरात लहान मुलं. पुढची पाच वर्षं कारखाना तिने एकटीने चालवला, तेही मंदीत. या मंदीने भलेभले बसले होते. व्हेल्टनचा मोठा कारखानाही १९३१ मध्ये बंद झाला. बोलहागेन यांची बाजू घेणारे नेमकं इथेच बोट ठेवतात. म्हणतात, हाएल तसाही डबघाईला आलाच होता, विक्रीच्या वेळी तर बंदच होता.

हो, बंद होता. पण कधीपासून? १९३३च्या उन्हाळ्यापासून. जानेवारीत हिटलर सत्तेवर आला, एप्रिलमध्ये ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार झाला, आणि त्यानंतर काही महिन्यांत हा कारखाना थांबला. मंदीची सगळ्यात वाईट वर्षं तिने काढली होती. ज्या देशात आपल्याला राहताच येणार नाही, तिथे विकणाऱ्याने भाव काय मागायचा? शिवाय बोलहागेन यांचा भागीदार हाइनरिख शिल्ड हा नाझी पक्षाचा सदस्य होता. याला मी साधा खरेदी-विक्रीचा व्यवहार मानत नाही.

१९३५ मध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या ‘डेर आंग्रिफ’ या वर्तमानपत्राने दोघींच्या कामाची शेजारी शेजारी तुलना छापली. मार्गारेटेचं काम विकृत, नव्या मालकिणीचं उदात्त. आणि गंमत नव्हे, संतापाची गोष्ट अशी, की मार्गारेटेने घडवलेले काही आकार नव्या कारखान्यातून पुढेही निघत राहिले.

बोलहागेन गुणी नव्हत्या असं मी म्हणत नाही. त्यांची निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची साधी, रोजच्या वापराची भांडी मलाही आवडतात. १९७२ मध्ये पूर्व जर्मन सरकारने कारखाना ताब्यात घेतला, तरी त्या तिथेच काम करत राहिल्या. २००१ मध्ये वारल्या त्याही मार्व्हिट्सलाच. एवढी चिकाटी सोपी नाही. पण आयुष्यभर एका जागी राहून काम करायची संधी एकीला मिळाली, कारण दुसरीला तिथून जावं लागलं.

मार्गारेटे १९३६ मध्ये इंग्लंडला गेली. स्टोक-ऑन-ट्रेंटला मिंटन या भांड्यांच्या कंपनीसाठी काम केलं, ‘ग्रेटा पॉटरी’ नावाने स्वतःचा छोटा व्यवसायही सुरू केला. महायुद्धाने तोही बुडाला. मार्व्हिट्ससारखा पसारा तिला पुन्हा कधी उभारता आला नाही. १९९० मध्ये ती लंडनला वारली.

माझं म्हणणं एवढंच आहे: बोलहागेन यांच्या कामाचं प्रदर्शन जिथे लागेल, तिथे पहिल्याच फलकावर १९२३ ते १९३३ ही दहा वर्षं, मार्गारेटेचं नाव आणि ती ४५,००० ची रक्कम लिहा. तळटीपेत नको.