कट्ट आवाज आला म्हणजे मणका बसला? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले पंधरा दिवस कोल्हापुरातल्या फिजिओ लोकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे सहा वेळा आला, त्यातला एक तर माझ्याच इंटर्नने पाठवलेला, खाली "मॅडम, जाऊ का?" असं विचारून. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मणका सरकला की कंबर दुखते, एका झटक्यात कट्ट आवाज आला की मणका जागेवर बसतो, स्लिप डिस्कचं ऑपरेशन टळतं, मानेलाही तेच करा काही होत नाही, एमआरआय म्हणजे नुसती लूट, आपले तालमीतले वस्ताद डिग्रीशिवाय हेच करत होते, तेव्हा आमच्या दोन दिवसांच्या कोर्सला या आणि सर्टिफिकेट घेऊन जा.

मी मॅन्युअल थेरपीच्या, म्हणजे हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करण्याच्या, विरोधात नाहीये हे आधीच सांगते, माझं निम्मं पोट त्यावरच भरतं. म्हणून तर जास्त राग आला.

आधी त्या आवाजाचं बघू, कारण सगळा धंदा त्याच्यावरच उभाय. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे छोटे सांधे असतात, फॅसेट जॉइंट म्हणतो आपण, त्यांच्यात वंगणासारखं पाणी असतं. सांधा झटकन उघडला की आतला दाब एकदम पडतो आणि त्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते, हाच तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच, वेगळं काही नाही. २०१५ साली कॅनडातल्या लोकांनी एमआरआय मशीन चालू ठेवून बोटं ओढली आणि ती पोकळी तयार होताना चित्रात पकडली. घरी करून बघा, एकदा मोडलेलं बोट लगेच परत मोडत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं. म्हणजे काय, वीस मिनिटांत हाड परत सरकून तयार होतं का राव?

त्याहून भारी गोष्ट १९९८ ची आहे, स्वीडनमधली. तिथं कंबरेखालच्या एसआय जॉइंटवर मॅनिप्युलेशन, म्हणजे हाच झटका, केलं आणि आधी-नंतर इतके बारीक एक्स-रे काढले की हाड कणभर हललं तरी कळावं. हाताने तपासणारे म्हणाले फरक पडला, सांधा नीट झाला. एक्स-रेत हाड होतं तिथंच होतं! आपल्या हाताला जे 'लागतं' त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे मला ते वाचलं त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं, कारण तोवर मीही पेशंटला "एल फोर (कंबरेचा चौथा मणका) जरा फिरलाय तुमचा" असं अगदी ठसक्यात सांगायचे.

मग पेशंटला बरं का वाटतं? वाटतं, त्यात खोटं काही नाही. त्या झटक्याने नसांकडून मेंदूकडे जाणारे संदेश बदलतात, दुखण्याची धार थोडा वेळ कमी होते, आखडलेले स्नायू सुटतात, आणि कुणीतरी नीट हात लावून तपासलं याचाही गुण येतोच. पण हा सगळा खेळ थोड्या वेळाचा, त्या वेळात हालचाल आणि व्यायाम करून घेतला तर उपयोग. इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०१६ च्या कंबरदुखीच्या गाइडलाइनमध्ये हेच म्हटलंय, मॅन्युअल थेरपी द्यायची तर व्यायामाच्या जोडीने, नुसती नाही.

स्लिप डिस्क हे नावच घोळ करतं. डिस्क म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, ती काय साबणाची वडी नाहीये निसटायला, ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. फुगते, फाटते, आतला गर बाहेर येऊन नस दाबतो, पण 'सरकत' नाही, मग दाबून आत बसवायची कशी? बाहेर आलेला गर बऱ्याच जणांमध्ये काही महिन्यांत शरीर आपलं आपण शोषून घेतं, आणि श्रेय त्या वेळी जो झटका देत होता त्याला मिळतं.

एमआरआयबद्दल मात्र मेसेजवाल्याचं अर्धं बरोबर आहे, मान्य करायला पाहिजे. काहीही दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन एकत्र करून बघितले तर विशीतल्या ३७ टक्के लोकांची डिस्क झिजलेली दिसते, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांची. तेव्हा उसण भरली की लगेच स्कॅन, हे चूकच. पण कुणाला लागतो आणि कुणाला नाही, हे ओळखणं हेच तर शिकायचं असतं! त्यावर मेसेजमध्ये एक ओळ नाही.

माझ्याकडे कागलकडचा एक पेशंट आला होता, पस्तिशीचा, शेतकरी. तीन महिने कंबर दुखतेय, दोन वेळा कुठंतरी 'मणका बसवून' आलेला. मी त्याला पालथं झोपवायच्या आधी पट्टा काढायला सांगितला तर पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवीन भोक, आणि त्याच्या पुढं अजून एक. म्हटलं, वजन कधी कमी झालं? तर म्हणे, जेवण जात नाही मॅडम, संध्याकाळी अंगात कणकण असते. एका मणक्यावर बोटाने हलकं टिचकवलं तर गडी उडालाच. मी काहीएक केलं नाही, चिठ्ठी दिली आणि पाठवलं. मणक्याचा टीबी निघाला. टीबीने पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला आणि तो खचला तर पाय जातात. हा आपल्याकडे दुर्मिळ आजार नाहीये. लघवी अडकणं, बसायची जागा बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं, हे ऐकलं की तर टेबलावर घ्यायचंच नाही, त्याच दिवशी सर्जनकडे.

आता मान. इथं मी मस्करी करत नाही. मेंदूला रक्त नेणारी एक धमनी मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून वर जाते, डावी-उजवी अशा दोन. जोरात पिळवटलं तर तिच्या आतल्या थराला चीर पडू शकते, त्यातून स्ट्रोक. क्वचित होतं, हे खरं. पण खरी गोम अशी की चीर आधीच पडत असलेला माणूसही आपल्याकडे मानदुखी आणि डोकेदुखी घेऊनच येतो. म्हणून चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, हे विचारायचं, बीपी घ्यायचं. मेसेजच्या व्हिडिओत मात्र आल्या आल्या मान धरली, दाढीच्या दुकानात मोडतात तशी.

दोन दिवसांचं काय बोलू. बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीची, साडेचार वर्षं करून आम्ही मॅन्युअल थेरपी शिकायला बसलो तेव्हा पहिले कितीतरी दिवस नुसतं वजनकाट्यावर अंगठे दाबत होतो, तो घरातला उभं राहायचा काटा. डोळे मिटून पाच किलो, मग दहा, मग परत पाच. मला वाटायचं मी पाच दाबतेय, काटा दाखवायचा नऊ. ऑस्ट्रेलियाचे फिजिओ मेटलंड यांनी मोबिलायझेशनच्या, म्हणजे सांधा हाताने हळूहळू हलवण्याच्या, चार ग्रेड पाडल्यात, झटका म्हणजे मॅनिप्युलेशन त्याच्यानंतर, पाचवी, आणि ती शेवटी का शिकवतात हे त्या काट्यावर कळतं. १९७४ साली स्थापन झालेली आयफॉम्प्ट ही या विषयाची जागतिक संघटना, तिच्या निकषात नुसतं मार्गदर्शकाच्या नजरेखाली पेशंट बघायचे तासच किमान १५० आहेत. दोन दिवसांत चहा-नाश्ता धरून सोळा तास होतात.

राहिले वस्ताद. त्यांचं नाव घेऊन कोर्स विकायचा म्हणजे कमालच. माझ्या मामांच्या तालमीत एक म्हातारे वस्ताद होते, मालीश करायचे, खांदा-बिंदा उतरला तर बघायचे. त्यांच्यापुढं येणारी पोरं विशीतली, लाल मातीत मुरलेली. संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड खाऊन हाडं ठिसूळ झालेली सत्तरीची आजी त्यांच्याकडे कधी येतच नव्हती, ती माझ्या क्लिनिकमध्ये येते. आणि त्यांचाही नियम होता. हातापायाला मुंग्या आहेत म्हटलं की ते तेलाची बाटली बाजूला ठेवायचे, "ह्याला आम्ही हात लावत न्हाई, सीपीआरला न्या." सीपीआर म्हणजे कोल्हापुरातलं सरकारी हॉस्पिटल.

इंटर्नला मी जा किंवा जाऊ नको असं काहीच सांगितलं नाही. मेसेजखालच्या नंबरवर तिच्यासमोरच विचारलं, मानेच्या टेक्निकच्या आधी काय काय तपासायला शिकवता? तासाभराने रिप्लाय आला: मॅडम, अर्ली बर्ड ऑफर उद्यापर्यंतच आहे, दोघी आलात तर किट फ्री.