थेंब त्यांचा, छत आमचं

दोन वर्षं आमच्या बाथरूमच्या खुंटीवर टॉवेलशेजारी एक छत्री लटकत होती. पाहुणे विचारायचे, "छत्री वाळत घातलीय का?" मी सरळ हो म्हणायचे. खरं सांगत बसले असते तर त्यांचं बादलीतलं पाणी निवलं असतं. शिवाय आत गेल्यावर त्यांचं त्यांना कळायचंच.

मुलुंड पूर्वेला आमची बिल्डिंग. 1986 सालची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. एका श्रावणात बाथरूमच्या छतावर ओलसर डाग उमटला, बेसनाच्या लाडवाएवढा. मुलगा म्हणाला, श्रीलंका. दसऱ्यापर्यंत त्याचा ऑस्ट्रेलिया झाला, आणि संक्रांतीला खाली टास्मानियाही सुटा दिसायला लागला. मग रंगाचे पोपडे सुटले. आणि एका सकाळी, तोंडाला साबण लावून डोळे मिटलेले असताना, मानेवर पहिला थेंब पडला. टप्.

तो नियमित पडला असता तर माणसाने चुकवला तरी असता. पण तो आपण डोळे मिटेपर्यंत थांबायचा. पाणी गीझरचं, थेंब फ्रीजमधला.

नवऱ्याने यात अध्यात्म शोधलं. "शंकराच्या पिंडीवर जे पात्र टांगतात त्याला गळतीच म्हणतात. तुझ्यावर रोज अभिषेक होतोय, तोही दक्षिणा न देता." हे बोलायला त्याचं काय जातंय? 8.04 ची लोकल गाठायची म्हणून तो दीड मिनिटात आंघोळ उरकतो, तेवढ्यात थेंबाला जमवाजमव करायलाही वेळ मिळत नाही.

खरे हाल सासूबाईंचे झाले. वरच्यांच्या मोरीतलं पाणी अंगावर पडलं म्हणजे आंघोळ मोडली. मग पुन्हा दोन तांबे घ्यायचे. ते घेताना पुन्हा टप्. एका चतुर्थीला त्या सव्वा तास आत होत्या. शेवटी गीझरने हात टेकले तेव्हा बाहेर आल्या, आणि दिवसभर देवाला "चालवून घे" म्हणत राहिल्या.

घरात या गळतीकडे कौतुकाने बघणारा एकच माणूस होता, आमचे अण्णा. सासरे महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेत. पावसाळ्यात लोक पेपरात आधी मरणाच्या बातम्या नाहीतर क्रिकेट वाचतात, अण्णा तलावांचा साठा वाचतात. भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार, तुळशी. नातवंडांची नावं घ्यावीत तशी ही सात नावं घेतात, आणि तुळशी भरून वाहायला लागला की घरात गोडाचं करायला लावतात. तानसाचं धरण 1892 चं, पाणी उताराने आपसूक मुंबईकडे येतं, हे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही पाठ आहे. तर अण्णा त्या डागाखाली हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "पार नाशिक जिल्ह्यातून, शंभराहून जास्त किलोमीटरवरून पाणी आणून दिलं आम्ही. आणि तुम्हाला शेवटचे सहा इंच सांभाळता येईनात! भांडुपला शुद्ध केलेलं पाणी आहे हे."

"भांडुपला झालं असेल शुद्ध," सासूबाई म्हणाल्या, "मधे नानींची आंघोळ झालीय त्यात."

नानी म्हणजे आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतात त्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, मूळच्या कोकणातल्या, एकट्या. सगळी बिल्डिंग त्यांना नानी म्हणते. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनी केले. मुलाला ताप आला की त्यांच्याकडून पेज येते. आता अशा बाईला, "नानी, तुमचं पाणी माझ्या डोक्यावर पडतं" हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तोंडाचाच प्रश्न होता, कारण नानींच्या घरी ते रिकामं राहतच नाही.

पहिल्यांदा गेले ती वाक्य घोकून. दार उघडताच नानी म्हणाल्या, "ये गो, वेळेवर आलीस. घावणे घालतेय." तीन घावणे आणि नारळाचा रस झाल्यावर गळतीचा विषय काढणं मला माणुसकीला धरून वाटलं नाही. निघताना त्यांनी घरच्यांसाठी डबा भरून दिला.

आता डबा रिकामा परत करायचा नसतो. म्हणून मी रविवारी बटाटेवडे केले, डबा घेऊन वर गेले, आणि आज बोलायचंच असं ठरवलं. नानींनी वडे ओट्यावर ओतले, डबा विसळला आणि त्यात फणसाची भाजी भरली. तिसऱ्या वेळी मी जिन्यातच वाक्याची सुरुवात केली होती. "नानी, आमच्या बाथरूममध्ये ना…" एवढं झालं. "हो गो, त्या बाथरूममध्ये मेली झुरळं फार," म्हणून त्यांनी मला बोरिक पावडर आणि कणीक मळून त्याच्या गोळ्या करून दिल्या. सोबत कुळथाचं पीठ.

वरून पाणी येत होतं, खाऊ येत होता. तक्रार काही वर पोचत नव्हती.

अखेर नवरा सेक्रेटरींकडे गेला. सेक्रेटरी हा माणूस उपविधींची प्रत उशाला घेऊन झोपतो. त्यांनी ऐकवलं, गच्चीतून नाहीतर बाहेरच्या पाइपमधून गळत असेल तर खर्च सोसायटीचा. सभासदाच्या संडास-बाथरूममधून गळत असेल तर ज्याचं त्याने करायचं. तेव्हा हा विषय तुम्ही आपसात मिटवा. एवढं बोलून थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी नानींना पत्र धाडलं. "आपल्या सदनिकेतून खालील सदनिकेत पाणी झिरपत असल्याची लेखी तक्रार प्राप्त झाली असून…" लेखी तक्रार कोणी केली होती कोण जाणे. जावक क्रमांकासकट पत्र गेलं खरं.

त्या दिवसापासून घावणे बंद. जिन्यात नानी भेटायच्या त्या भिंतीकडे बघत. त्यांचा स्टीलचा डबा माझ्याकडे आणि माझी काचेची वाटी त्यांच्याकडे, अशी दोन्ही घरांत एकमेकांची भांडी ओलीस राहिली. तो डबा मी रोज घासलेल्या भांड्यांत बघायची आणि मला रोज अपराधी वाटायचं. थेंबाला मात्र काही वाटत नव्हतं.

दरम्यान सल्ले सुरू झाले. माझं दुखणं मी लेडीज डब्यात एका मैत्रिणीला सांगत होते. ठाण्याहून बसून आलेल्या एका अनोळखी बाईने कुर्ला येईपर्यंत मला ग्राउटिंग शिकवलं. "सांध्यात पांढरं सिमेंट भरू देऊ नका, इपॉक्सीच भरून घ्या," असं उतरतानाही दारातून ओरडून सांगत होत्या. बँकेत आमच्या शिपायाने छतालाच ताट बांधून त्याला नळी लावायचा उपाय सुचवला. तो मी हसून सोडून दिला, पण रात्री त्यावर गंभीरपणे विचार केला, हे कबूल करते.

मे महिन्यात नानी लेकीकडे पुण्याला गेल्या. आठ दिवस वर कुलूप, आणि खाली टप्, टप्. परत आल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच बोलल्या. "कॉक बंद करून गेले होते. घरात चिटपाखरू नव्हतं. तरी तुझ्याकडे गळत होतं म्हणतेस. मग ते पाणी माझं कसं गो?"

मला उत्तर येईना. त्या जिंकल्यासारख्या वर गेल्या.

उत्तर अण्णांकडे होतं. जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरायचे, वर कोबा करायचा, त्यावर टाइल्स. सांधे फुटले की पाणी टाइल्सखाली उतरतं आणि त्या विटांच्या तुकड्यांत माठासारखं मुरून बसतं. मग सवडीने झिरपत राहतं. "नानी पुण्याला गेल्या असतील," अण्णा छताकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यांची एप्रिलची आंघोळ इथेच आहे."

हे नानींना समजावायला अण्णाच वर गेले, कागदावर आकृती काढून. पाणीखात्याचा माणूस म्हटल्यावर नानी प्लंबरला दाखवायला तयार झाल्या. प्लंबर आला, वर दहा मिनिटं ठोकाठोकी केली आणि जिन्यात येऊन खणखणीत आवाजात मला निकाल सांगितला, "भाभी, नानी खराब है. नानी में ही लीकेज है. नानी को तोडना पडेगा."

चारही मजल्यांची दारं उघडली.

"कोणाला तोडणार रे मेल्या?" वरून आवाज आला.

मुंबईतल्या प्लंबर लोकांच्या तोंडी फरशीतल्या जाळीखालचा जो ट्रॅप असतो त्याला 'नानी ट्रॅप' म्हणतात. मूळ शब्द आपली नहाणी. घासून घासून तिची नानी झाली. हे त्या क्षणी जिन्यात उभं राहून, एका संतापलेल्या नानींना आणि गोंधळलेल्या प्लंबरला, मराठीत आणि हिंदीत एकाच वेळी समजावून सांगणं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड परीक्षा. बँकवाल्यांची सीएआयआयबी परीक्षा त्यापुढे सोपी होती.

"पुरावा दाखव," नानी म्हणाल्या.

प्लंबरने रंगाचं पाणी सोडू म्हटलं. मुलाच्या कपाटात होळीचा उरलेला गुलाबी रंग होता. तो बादलीभर पाण्यात कालवून नानींच्या नहाणीत ओतला आणि आम्ही सगळे आमच्या बाथरूममध्ये माना वर करून उभे राहिलो. प्लंबर, सेक्रेटरी, नवरा, आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर नानी. दोन वर्षं न बोलावता पडणारा थेंब दोन तास पडला नाही. चहा झाला. सेक्रेटरींनी "पंचनाम्यात काहीही आढळले नाही" असा चेहरा केला. नानी उठल्या, पदर खोचला आणि काही न बोलता निघून गेल्या.

संध्याकाळी अण्णा आंघोळीला गेले ते ओरडतच बाहेर आले. टक्कल मधोमध गुलाबी. ओघळ थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत. अंगाला पंचा गुंडाळून, पुसू न देता, तसेच तिसऱ्या मजल्यावर गेले. नानींनी चष्मा लावला, त्या टकलाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बोलवा तुमच्या प्लंबरला."

बाथरूम धुवायला मला त्या रात्री सहा बादल्या पाणी लागलं. गुलाबी काही संपता संपेना, सगळं आमच्या नहाणीतून खाली गेलं.

काम आठ दिवस चाललं. सामान आणि मजुरी मिळून 38 हजार. नानींनी वाद घातला नाही, फक्त टाइल्स फोडताना त्या खोलीत थांबल्या नाहीत. मोरपंखी टाइल्स होत्या, त्यांच्या यजमानांनी स्वतः निवडलेल्या. प्लंबरने एक अख्खी काढून दिली. ती आता त्यांच्या ओट्यावर गरम कढईखाली असते.

त्या आठ दिवसांत नानी आंघोळीला आमच्याकडे यायच्या, स्वतःचा तांब्या घेऊन. पहिल्या दिवशी आतून किंकाळी ऐकू आली. मुरलेलं पाणी अजून निथळत होतंच. नानी केस पुसत बाहेर आल्या.

"अगो, हे एवढं गार असतं?"

"हो, नानी."

"आणि दोन वर्षं सहन केलंत? सांगायचं नाही का? पत्रं कसली पाठवता!"

"तीनदा आले होते सांगायला," मी म्हटलं. "तीनदा डबा घेऊन परत गेले."

नानींनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाल्या, "फणसाची भाजी आवडली होती का पण?"

डबा त्याच दिवशी वर गेला, चिरोटे भरून. काचेची वाटी दुसऱ्या दिवशी खाली आली. छत वाळलं, रंग लावून झाला. ऑस्ट्रेलिया गेल्याचं अण्णांना थोडं वाईट वाटलं. छत्री मी कपाटात ठेवली.

आणि काल दुपारी पहिल्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. आमच्या अगदी खालच्या. सहज आले म्हणाल्या. गेल्या वर्षभरात त्या चार-पाच वेळा अशाच सहज आल्या होत्या. बसायच्या, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, मधेच एखादं वाक्य सुरू करून सोडून द्यायच्या. मला वाटायचं, घरात काही दुःख असेल. म्हणून मी दर वेळी त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायची.

माझी वाटी परत द्यायला आल्या होत्या, कोथिंबीर वड्या घालून. मी वाटी घ्यायला वाकले तेव्हा दिसलं, त्यांच्या पांढऱ्या गाउनच्या खांद्यावर रुपयाएवढा एक डाग होता. फिकट गुलाबी.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या, "तुमच्या बाथरूममध्ये…"

"बसा हो, बसा," मी म्हटलं आणि स्वयंपाकघराकडे धावले. "गरम गरम थालीपीठ लावते."