एअरपोर्टचा रस्ता आपल्या दारापासून मोजा

परवा संध्याकाळी मावशीला पुण्याच्या फ्लाइटला सोडायला निघाले. टिळकनगर ते एअरपोर्ट म्हणजे अख्खं इंदूर आडवं पार करायचं, त्यात बडा गणपतीला वरात लागली आणि पंचवीस मिनिटं गाडी जागची हलली नाही. मावशी काही बोलली नाही, मांडीवरची शेवेची पिशवी घट्ट धरून नुसती घड्याळाकडे बघत होती. फ्लाइट मिळाली, पण चेक-इन बंद व्हायला चारच मिनिटं उरली होती.

किती प्रवासी उडाले याच्या बातम्या आपण वाचतो, पण ते घरून तिथवर आले कसे हे कुणी विचारतं का? गर्दीचा अंदाज बांधायच्या जुन्या पद्धतीत चार प्रश्न असतात, किती लोक निघणार, कुठून कुठे, कशाने, कोणत्या रस्त्याने. रोज ऑफिसला जाणाऱ्यांचं त्यात बऱ्यापैकी कळतं, पण फ्लाइट पकडणारा माणूस वेगळा हो, त्याच्याकडे बॅगा असतात, आणि एरवी किती वेळ लागतो याच्यावर तो विसंबत नाही, सगळ्यात वाईट दिवस धरूनच घर सोडतो. शिवाय मावशीला सोडून मी रिकामी गाडी घेऊन परत आले, म्हणजे प्रवासी एक आणि गाडीच्या फेऱ्या दोन!

आणि तिथे काम करणाऱ्यांचं काय? बाहेर हाउसकीपिंगची एक मुलगी भावाची वाट बघत पायरीवर बसली होती. शिफ्ट रात्री सुटते, तेव्हा बस नसते, भावाला उशीर झाला तर तशीच बसून राहते. आपण वर्षातून दोनदा जातो, ती रोज जाते, तिला आधी मोजा ना.

मेट्रोचा पहिला टप्पा 31 मे 2025 ला सुरू झाला, एअरपोर्टकडच्या गांधीनगरपासून 5 स्टेशनं, सुमारे 6 किमी, चांगलंच आहे, पण टिळकनगर-पलासियाच्या माणसाला आज त्याचा उपयोग नाही. देवास, महू, पीथमपूरची माणसं याच एअरपोर्टवर येतात, उज्जैनचीसुद्धा, आणि 2028 ला तिथे सिंहस्थ आहे. सर्व्हे करायचा तर पहाटे चारला आणि रात्री अकराला गेटवर उभं राहून करा, कुठल्या वस्तीतून आलात, किती वाजता निघालात, सोडायला कोण आलं, सगळं विचारा. आणि तोवर सामान ठेवायला जागा असलेली एक बस पहाटे आणि रात्री आपल्या टिळकनगर-पलासियाच्या बाजूने सोडून तर बघा.

तुम्ही कुठून निघता आणि फ्लाइटच्या किती तास आधी, ते खाली लिहा, मी सगळं एकत्र करून या सर्व्हेच्या आणि बसच्या मागणीच्या अर्जाला जोडते.