एका माणसाला तांदूळ किती?

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला फोन. "ताई, एका माणसाला तांदूळ किती लागतो?"

मी दर रविवारी ज्या बालगृहात गणित शिकवायला जाते, तिथली ही मुलगी. अठरा पूर्ण झाली म्हणून नुकतीच बाहेर पडलेली. दोघींत एक खोली घेतलीय, दुसरी नाइटला गेली होती. मला आधी हसूच आलं. मग डोक्यात प्रकाश पडला. बारा वर्षं ती स्वयंपाकघरात मदत करत होती, पण साठ जणांच्या पातेल्यात. सहा किलोला पाणी किती, हे ती झोपेतही सांगेल. वाटीभराचं गणित तिला कधी पडलंच नव्हतं.

अनाथाश्रम म्हटलं की लोकांना उपाशी पोरं आणि छडीवाले साहेब आठवतात. मी पाहिलेलं बालगृह तसं नाही. जेवण, शाळा, औषधपाणी सगळं वेळेवर. ताप आला तर मावशी रात्रभर उशाशी बसतात. अडचण वेगळीच आहे. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं. किराणा गाडीने येतो, वीजबिल ऑफिस भरतं. सतरा वर्षांच्या मुलाने कधी दुकानात सुट्टे पैसे मोजून घेतलेले नसतात. आणि एक दिवस त्याच्या हातात बॅग.

कागदावर सोय नाही असं नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची तरतूद आहे, केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत त्यासाठी महिना 4000 रुपये आहेत. राज्यात 2018 पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षणही आहे. पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते मुलगा संस्थेत असतानाच हातात पडायला हवं. बाहेर पडून, नोकरी सांभाळून त्यासाठी खेटे कोण घालणार?

आणि खोली शोधताना कुठलं आरक्षण चालतं? हिला एका घरमालकाने विचारलं, "गाव कुठलं? आई-वडिलांचं आधार आण." ती गप्प. शेवटी मीच आत्या झाले.

अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर (2024 ची पद्मश्री) हे म्हणूनच मला मोठे वाटतात. टाकून दिलेली दिव्यांग मुलं त्यांनी सांभाळली, त्यांना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं आणि अठराव्या वर्षी दार दाखवलं नाही. मुलींची लग्नं लावली, त्यांना माहेर दिलं. तिथली एक दृष्टिहीन मुलगी एमपीएससी पास झाली. अशा मुलांना अठरानंतरही संस्थेत राहू द्या, असा कायदा करा, हे बाबा किती वर्षं सांगताहेत!

ता.क. आपल्या पोराच्या वाढदिवसाला बालगृहात केक घेऊन येणाऱ्यांना हात जोडून सांगते, मागे एका रविवारी तीन केक आले होते. पोरं कंटाळली हो. त्यापेक्षा दहावीतल्या दोघांना बँकेत न्या, स्लिप भरायला लावा. भाजी आणायला पाठवा, फसू दे दहा रुपयांना. आणि दिवाळीत एकाला तरी फराळाला घरी बोलवा, फोटो न काढता.

त्या रात्री मी सांगितलं, "वाटीभर घे, दोन वाट्या पाणी."

"आणि उरला तर?"

"सकाळी फोडणी दे."

ती जरा थांबली. "आमच्याकडे कधी उरायचाच नाही, ताई."